झाकलेली बुट्टी

३१ मार्च २०१८. पोलंडमधल्या क्राकोवला येऊन मला चार महिने झाले होते. शनिवार, म्हणून उशिरा उठले आणि दूध-पाव आणायला खाली उतरले, तर रस्त्यावर जो तो हातात बुट्टी घेऊन चाललेला. लांब कोटातले आजोबा, केस निळे रंगवलेली कॉलेजातली मुलगी, एकाच बुट्टीची मूठ दोन बाजूंनी धरलेले भाऊबहीण. प्रत्येक बुट्टीवर पांढराशुभ्र, इस्त्री केलेला, लेसच्या किनारीचा रुमाल. कडेनं बारीक हिरव्या पानांच्या डहाळ्या खोचलेल्या. सगळे एकाच दिशेला निघाले होते आणि घाई कुणालाच नव्हती.

मी कोल्हापूरकडची. आमच्यात टोपलीला बुट्टी म्हणतात, आणि पांढऱ्या फडक्यानं झाकलेली बुट्टी म्हणजे शेतावर निघालेली भाकरी. आत्ती ती डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची, मी मागून पळायची. आत काय आहे विचारलं की म्हणायची, "पोचल्यावर बघ." परक्या देशात, हाडं गारठवणाऱ्या थंडीत, ते फडकं दिसलं आणि मी दूध विसरून तिथंच उभी राहिले.

त्याच सकाळी आईशी फोनवर बोलणं झालं होतं. चैत्री पौर्णिमा होती. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असणार, गुलालानं डोंगर गुलाबी झालेला असणार, आणि आई पुरण वाटून नैवेद्याच्या तयारीत होती. तिकडची पौर्णिमा आणि इथला ईस्टरच्या आदला शनिवार, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या त्यामागं कारण आहे, हे मला नंतर कळलं. ईस्टर येतो २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. अधिक महिन्यानं गणित हलवलं नाही, तर ती पौर्णिमा बहुतेकदा आपली चैत्री पौर्णिमाच असते. जोतिबाचा चंद्र तोच इथला चंद्र.

जिन्यात बाब्चा भेटल्या. बाब्चा म्हणजे आजी. त्या आमच्या घरमालकीण, पण इमारतीतलं लहान-थोर सगळं त्यांना बाब्चाच म्हणतं. त्यांच्याही हातात बुट्टी. मी बघत राहिले तसं त्यांनी विचारलं, "येतेस का, कोहाना?" कोहाना म्हणजे लाडके. मी म्हटलं, बाब्चा, मी ख्रिश्चन नाही. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवतेस ना? मग झालं तर."

तेव्हापासून, एक वर्ष सोडलं तर, दर वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले आहे.

या विधीला पोलिशमध्ये म्हणतात श्वेंत्सोंका. आशीर्वाद मिळालेलं, पवित्र झालेलं अन्न. आपल्या वसईची ख्रिस्ती मंडळी ज्याला पवित्र आठवडा म्हणतात, तो झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. उत्तम शुक्रवारी येशूचा मृत्यू, रविवारी पुनरुत्थान. मधला शनिवार हा रिकामा दिवस. देव थडग्यात आहे. गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या असतात, त्यांच्याऐवजी लाकडी खुळखुळ्यासारखं एक वाद्य वाजवतात. त्याचा कोरडा, खडखडीत आवाज ऐकला की घरात कुणी आजारी असावं तसं वाटतं. अशा या रिकाम्या दिवशी, जेव्हा दुसरं काही करण्यासारखं नसतं, तेव्हा लोक उद्याचं जेवण घेऊन चर्चमध्ये जातात.

आधीचे चाळीस दिवस उपासकाळाचे. आज बहुतेक घरी शुक्रवारी मांस टाळतात, उत्तम शुक्रवारी कडक उपास धरतात, एवढंच. जुन्या काळी मात्र मांस, चरबी, लोणी, दूध, अंडी सगळंच वर्ज्य असे. राईच्या पिठाचं आंबवलेलं सूप, ज्याला झुर म्हणतात, आणि खारवलेला हेरिंग मासा यांवर सहा-सात आठवडे काढायचे. लोक त्याला इतके विटत की उपास संपत आला की खेड्यांत झुराचं मडकं वाजतगाजत नेऊन पुरायचे किंवा फोडायचे, आणि हेरिंगला झाडावर फाशी द्यायचे. बाब्चांनी हे त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. श्वेंत्सोंकाच्या बुट्टीत अंडं, लोणी आणि मांस का असतं हे मला या मडक्यामुळं नीट समजलं. ते नुसतं प्रतीक नाही. एवढे दिवस ज्याला हात लावला नाही, ते पहिल्यांदा तोंडात घालण्याआधी त्यावर आशीर्वाद मागायचा. आपल्या भाषेत त्याला चोख शब्द आहे: पारणं.

अन्नाला आशीर्वाद देण्याच्या या प्रार्थना युरोपात मध्ययुगापासून चालत आल्या आहेत. पूर्वी फादरच वाड्यांवर, घरांत येत आणि मांडलेल्या सबंध टेबलावर पवित्र पाणी शिंपडत. पुढं लोकांनी चर्चकडं जायची रीत पडली. टेबल काही उचलून नेता येत नाही, म्हणून त्यातलं थोडं थोडं बुट्टीत आलं.

बुट्टीची तयारी खरी गुरुवारपासून. बाब्चा कांद्याची टरफलं दोन महिने साठवतात. फ्रीजच्या वर कागदी पिशवी असते, त्यात सालं टाकायची. दुसऱ्या वर्षापासून मीही माझ्या घरची सालं नेऊन द्यायला लागले, आणि आमचा कांद्याचा खप बघून त्या खूश झाल्या. सालं रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी उकळायची, पाणी काळपट लाल झालं की चमचाभर व्हिनेगर घालून त्यात अंडी सोडायची. थंड अंडी एकदम गरम पाण्यात टाकली तर तडकतात, म्हणून ती आधी ओट्यावर काढून ठेवलेली असतात. शिजून बाहेर येतात तेव्हा त्यांचा रंग थेट जुन्या तांब्याच्या घागरीसारखा असतो. मग बाब्चा चष्मा लावून सुईच्या टोकानं कवच खरवडतात. रंग जातो तिथं पांढरी रेघ उमटते. एक फांदी, तिची पानं, एक पक्षी. हात थरथरतात आता, पण सुई टेकली की थरथर थांबते. मी हे अगदी जवळून, श्वास रोखून पाहिलेलं आहे. एका अंड्याला पाऊण तास लागतो, आणि ते अंडं रविवारी सकाळी फोडून खायचं असतं.

लोण्याचं कोकरू माझ्याकडं आलं. त्याचा लाकडी साचा दोन भागांचा, आपल्या साखरेच्या गाठींचा असतो तसा. तो आधी थंड पाण्यात भिजवायचा, नाहीतर लोणी चिकटतं. मऊ लोणी बोटानं कानाकोपऱ्यांत दाबत भरायचं, साचा घट्ट बांधून फ्रीजमध्ये ठेवायचा. उघडल्यावर कोकरू अखंड बाहेर आलं की दोन मिरे डोळ्यांच्या जागी, गळ्यात लाल फीत, पाठीशी छोटं निशाण. पहिल्या वर्षी माझ्या कोकराचा एक कान तुटला. बाब्चांनी सुरीच्या पात्यावर लोण्याचा कण घेऊन तो जागच्या जागी बसवला.

आणि ह्शान. हॉर्सरॅडिशचं मूळ. हे खिडकी उघडून, तिच्याजवळ उभं राहूनच किसतात. मोहरी फेसताना नाकात जातं त्याच्या दुप्पट झणका. डोळ्यांतून धारा लागतात. बाब्चा म्हणतात ते रडणं चालतं, शुक्रवारच आहे. येशूच्या यातनांचा कडवटपणा म्हणून ते बुट्टीत असतं. शिवाय पाव, मीठ, थोडं मिरपूड, धुरी दिलेलं सॉसेज, हॅमचा तुकडा, आणि बाब्का नावाचा घुमटासारखा केक. सगळं अगदी थोडं. कडेनं खोचायच्या त्या हिरव्या डहाळ्या बॉक्सवुडच्या, इथं त्याला बुक्श्पान म्हणतात. आमच्याकडं नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवल्याशिवाय ताट पुरं होत नाही, तसं बुक्श्पानाशिवाय बुट्टीचं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी घरून आणलेला गुळाचा खडा, कोल्हापुरी पिवळा, कागदात गुंडाळून त्यांना दाखवला. विचारायला लाज वाटत होती. त्यांनी वास घेतला, कणभर चाखला आणि मिठाच्या शेजारी ठेवून दिला.

चर्चच्या आवारात लांब टेबलं मांडलेली असतात. बुट्ट्या रांगेनं ठेवायच्या, रुमाल बाजूला सारून अन्न उघडं करायचं. दर अर्ध्या तासानं नवे लोक, नव्या बुट्ट्या. वर्षभर चर्चची पायरी न चढणारेही या दिवशी येतात. काही फादरना ते खटकतं, लोकांना मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नको, फक्त बुट्टी हवी, असं ते बोलूनही दाखवतात. मला मात्र त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. श्रद्धा सुटली असेल, वाद झाले असतील, तरी आईनं शिकवलेला रुमाल इस्त्री करून ते आलेले असतात. जे हातात धरता येतं ते शेवटपर्यंत टिकतं, असं मला वाटतं.

प्रार्थना तीन. एक पावासाठी, एक मांसासाठी, एक अंड्यांसाठी. पावाच्या प्रार्थनेत निर्जन जागी येशूनं लोकांना जेवू घातलं त्याची आठवण आहे. मांसाच्या प्रार्थनेत वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या सणाच्या, कोकराची आणि शिष्यांबरोबरच्या शेवटच्या भोजनाची. अंड्यांची प्रार्थना मला पहिल्या वर्षी समजली नव्हती. दुसऱ्या वर्षी पोलिश थोडं यायला लागलं, तेव्हा कान टवकारून ऐकली. नव्या जीवनाची खूण असलेली ही अंडी कुटुंबातल्यांनी, जवळच्यांनी आणि पाहुण्यांनी वाटून खावीत, असं तिच्यात आहे. पाहुणे. तो शब्द खुद्द प्रार्थनेतच आहे. मी बाब्चांकडं पाहिलं. त्या समोर बघत होत्या, पण त्यांनी माझा हात दाबला.

मग फादर टेबलांच्या मधून फिरतात आणि मोठ्या कुंच्यासारख्या शिंपणीनं पाणी शिंपडतात. अगदी सढळ हातानं. अन्नावर, रुमालांवर, माणसांच्या तोंडावर. मुलं मुद्दाम पुढं सरकतात.

घरी आल्यावर रुमाल पुन्हा झाकला जातो, बुट्टी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली जाते, आणि इथून मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग सुरू होतो. काहीही खायचं नाही. सॉसेजचा वास घरभर आहे, बाब्कावरची साखर रुमालातून दिसते आहे, नातवंडं टेबलाभोवती घुटमळत आहेत, आणि बाब्चा एकच शब्द बोलतात: "युत्रो." उद्या.

नैवेद्य दाखवेपर्यंत वाटीला बोट लावायचं नाही, हे माझ्या हाडांत आहे. त्यामुळं पहिल्या वर्षी मला वाटलं की हे तेच. तसं नाही, हे हळूहळू उमगलं. नैवेद्य देवासाठी असतो. देव जेवतो, मग उरलेलं प्रसाद म्हणून आपल्याकडं येतं. बुट्टीतलं अन्न देवाला दिलेलं नसतं. ते माणसांचंच, माणसांसाठीच, देवानं फक्त त्यावर हात ठेवायचा. आणि नैवेद्याचा पडदा घटकाभराचा. इथं सबंध दिवस आणि रात्र अन्न समोर ठेवून थांबायचं. भूक आहे, अन्न आहे, आशीर्वादही मिळाला आहे, तरी थांबायचं, कारण ज्याच्यासाठी जेवायचं तो अजून उठलेला नाही. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माणूस घरी यायचा असला की आपणही ताट झाकून ठेवतोच की."

रविवारी पहाटे सहाला पुनरुत्थानाची मिस्सा. चर्चला तीन फेऱ्या, घंटांचा कल्लोळ. घरी आल्यावर बाब्चा एक अंडं सोलतात, पातळ फोडी करतात, बशी फिरते. प्रत्येकानं प्रत्येकाशी फोड वाटून घ्यायची आणि डोळ्यांत बघून काहीतरी चांगलं मागायचं. तब्येत, नोकरी, बाळ. रुसलेल्या दोन भावांना मी या फोडीमुळं बोलताना पाहिलं आहे. आशीर्वाद मिळालेल्या अन्नातला कणही कचऱ्यात जात नाही. अंड्यांची टरफलं बाब्चा कुंडीतल्या मातीत पुरतात. सोमवारी पोरं एकमेकांवर पाणी उडवतात, पण बाब्चांच्या लेखी सण रविवारीच संपलेला असतो.

२०२० साली हे सगळं थांबलं. ईस्टर १२ एप्रिलला होता आणि चर्चमध्ये एका वेळी पाचच माणसांना परवानगी. बुट्ट्यांचा विधी रद्द झाला. घरातल्या कुणी वडीलधाऱ्यानं जेवणाआधी प्रार्थना म्हणावी, असं बिशपांनी सुचवलं. तिकडं जोतिबाची यात्राही झाली नाही. बाब्चांनी बुट्टी भरली, रुमाल झाकला आणि दाराबाहेर जिन्यात ठेवली. प्रत्येक मजल्यावर तशा बुट्ट्या आल्या. सगळे आपापल्या दारात, मास्क लावून उभे. बाब्चांनी तिन्ही प्रार्थना मोठ्यानं म्हटल्या. जिन्यात आवाज घुमत होता. अंड्यांच्या प्रार्थनेत पाहुण्यांपाशी आल्या तेव्हा त्या थोड्या थांबल्या.

त्या रात्री, जिन्यातच, चार हात अंतरावर बसून मी त्यांना वळिवडे सांगितलं. मी शाळेत असताना कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या पोलिश लोकांच्या स्तंभाजवळ कितीदा खेळले होते, त्यावर काय लिहिलंय ते न वाचता. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबं मध्यरात्री उठवून सैबेरियात, कझाकस्तानात नेली. जर्मनीनं रशियावर चाल केल्यावर त्यातल्या काहींची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये ती इराणात आली. तिथून जहाजानं कराची. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठच्या वळिवड्यात, सुमारे पाच हजार माणसं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, नाटकगृह, चर्च. पाच वर्षं पोलंडचं एक गाव ऊसपट्ट्यात नांदलं. १९४८ पर्यंत ते पांगलं आणि त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. आज ते गांधीनगर, कापडाची घाऊक बाजारपेठ. माझ्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधला.

बाब्चांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची आई ल्वूफची. युद्धाआधी ते शहर पोलंडमध्ये होतं. युद्धानंतर सीमा सरकली आणि पोलिश लोकांना तिथून निघावं लागलं. बाब्चा तेव्हा दुपट्यात होत्या. त्यांनी बराच वेळ विचार करून मला एकच प्रश्न विचारला, "तिकडं ह्शान मिळतं?"

मी म्हटलं, नाही. पण आमच्याकडं शेवगा आहे, आणि शेवग्याच्या मुळाला ह्शानसारखाच झणका असतो. इंग्रज तर शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाडच म्हणत आणि मूळ किसून मांसाबरोबर खात.

बाब्चा ताठ बसल्या. "मग त्यांनी ते खणलं असणार," त्या म्हणाल्या. इतक्या खात्रीनं, की मला दिसलंच. एप्रिलचं कोल्हापूरचं ऊन, बराकीमागचा शेवगा, आणि कुणी पोलिश बाई बांगड्याबिंगड्या नसलेल्या उघड्या हातांनी मुळाशी माती उकरते आहे.

२०२२. पुन्हा शनिवारी चैत्री पौर्णिमा, १६ एप्रिल. दोन वर्षांनी जोतिबाची यात्रा भरली होती, आईचा आवाज फोनवर उड्या मारत होता. इकडं शेजारच्या युक्रेनमध्ये फेब्रुवारीअखेर युद्ध सुरू झालं आणि आमच्या स्टेशनवर माणसं मावेनात. बाब्चांनी खालचा रिकामा फ्लॅट ल्विवहून आलेल्या एका बाईला आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीला दिला. बाब्चा म्हणतात ल्वूफ, ती म्हणते ल्विव. एकाच गावाची ही दोन नावं, आणि दोन्ही नावांच्या लोकांमध्ये जुन्या, खोल जखमा आहेत. पहिले काही दिवस दोघी त्या गावाचं नाव घेणं टाळायच्या. मग एका संध्याकाळी बाब्चांनी आईनं सांगितलेल्या एका रस्त्याविषयी विचारलं. बाई म्हणाली, आहे, झाडंही आहेत.

त्या शनिवारी छोटी आमच्याबरोबर चर्चमध्ये आली. पाणी उडालं तेव्हा हसली. घरी आल्यावर तिनं सरळ रुमालाखाली हात घातला. बाब्चा म्हणाल्या, "युत्रो." पोरीला तो शब्द कळला नाही. तिनं आईकडं पाहिलं, आईनं तिच्या भाषेत सांगितला, "झावत्रा." पोरीनं हात मागं घेतला.

त्यांचा ईस्टर जुन्या पंचांगानं, आठवड्यानंतर, २४ एप्रिलला होता. बुट्टी त्यांच्यातही असते. बाईनं बॅगेतून एक लांबट कापड काढलं, लाल-काळ्या टाक्यांनी भरलेलं. मोजक्या सामानात तिनं ते आणलं होतं. उंच, गोल पाव, ज्याला ते पास्का म्हणतात, तो तिनं बाब्चांच्या ओव्हनमध्ये भाजला. कणीक वर यावी म्हणून सबंध दुपार कुणाला दार आपटू दिलं नाही. अंडी कांद्याच्या सालीत रंगवायची म्हटल्यावर मी आमची उरलेली पिशवी नेऊन दिली. गुळाचा खडा बाब्चांनी स्वतः ठेवला.

२३ तारखेला दुपारी आम्ही चौघी गावातल्या युक्रेनी लोकांच्या ग्रीक-कॅथलिक चर्चमध्ये गेलो. आत जागा नव्हती, रस्त्याच्या कडेनं बुट्ट्या मांडल्या होत्या, लांबवर, भरतकामाच्या कापडांची रांगच. पुरुष थोडे. बायका आणि मुलंच जास्त. पाणी शिंपडलं जात होतं आणि कितीतरी जणी फोन उंच धरून ते पलीकडं कुणाला तरी दाखवत होत्या.

परत येताना बुट्टी माझ्या हातात होती. जड होती. जिना चढून बाब्चांच्या टेबलावर ठेवली. पास्काचा लोणी-केशरासारखा गोड वास खोलीभर पसरला. बाब्चा तोवर दमून खुर्चीत टेकल्या होत्या. त्यांनी सवयीनं हात पुढं केला, रुमाल नीट करावा म्हणून की पावाचा कण मोडावा म्हणून, कोण जाणे.

"झावत्रा," छोटी म्हणाली.

बाब्चांनी हात मांडीवर ठेवला आणि खिडकीकडं बघत बसून राहिल्या.